तिसऱ्या गिअरची गाडी

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शारजाच्या अल बदायर भागात तांबूस वाळूचा एक मोठा डोंगर आहे. उंची साधारण शंभर मीटर. वाळूतल्या लोखंडाच्या गंजामुळे तिला तो रंग आलाय, आणि सगळे त्या डोंगराला ‘बिग रेड’ म्हणतात. त्याच्या समोर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडांची रांग आहे. त्यातल्या एका शेडमध्ये मी एकवीस वर्षं क्वाड बाइक दुरुस्त करतोय.

आज शेडमध्ये चौदा गाड्या आहेत. शारजात 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, आणि तिन्ही दिवस पहाटे साडेपाचला पोरं दारात हजर. इथले स्थानिक अमिराती, दुबईत नोकरी करणारे लेबनानी, इंग्रज, आपल्याकडचे पुष्कळ. ज्यांना वाळूत चालवायचं कळतं, ते आत येण्याआधीच विचारतात, “रॅप्टर आहे का?” दाराशी हजार सीसीची, चारही चाकांना ओढ असलेली गाडी उभी असते. तसल्या गाड्या कागदावर नव्वद हॉर्सपॉवरच्या घरात जातात. यामाहाची रॅप्टर 700 कागदावर तिच्या निम्म्याच्या आसपास. तरी जाणता माणूस त्या गाडीला वळसा घालून आत येतो आणि रॅप्टरची किल्ली मागतो.

हे असं का होतं, याचं उत्तर मला हळूहळू मिळत गेलं. बरंचसं बाकावर मिळालं, थोडं वाळूत, आणि शेवटचं एका माणसाच्या मोडलेल्या हाडातून.

मी शिकलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. माझ्या वस्तादांचा जीव राजदूत 350 वर. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याने 1983 पासून ती आपल्याकडे बनवली. दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, 347 सीसी. त्या गाडीचा आवाज आमच्या गल्लीत आला की शेजारच्या लेथवरचा कारागीर काम थांबवून बाहेर यायचा. मी तिची इतकी इंजिनं खोलली की पिस्टनची 64 मिलिमीटरची गोलाई तळहाताला पाठ झाली.

पुढे आखातात आलो आणि पहिल्याच आठवड्यात समोर आली यामाहाची बॅन्शी. चार चाकं, फुगीर टायर, रुंद हँडल, सगळं अनोळखी. हेड उतरवलं आणि आत तेच 64 मिलिमीटरचे दोन पिस्टन, तोच 54 चा स्ट्रोक. फरक एवढाच की आमच्या राजदूतला वाऱ्यावर थंड व्हावं लागायचं आणि हिला भोवती पाणी होतं. परक्या मुलुखात गावचा माणूस भेटावा तसं झालं. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं की काम ओळखीचं आहे, काळजी करू नकोस.

बॅन्शीवर इथल्या जुन्या चालकांचं आजही प्रेम आहे आणि ते खोटं नाही. 1987 ला आली ती, आणि तिच्याइतकी जिवंत गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. पण तिची सगळी ताकद वर, इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे. त्याखाली ती नुसती चालते. वाळूच्या चढावर इंजिन त्या पट्ट्यात धरून ठेवायचं म्हणजे क्लच, गिअर आणि रेस यांचं सतत कसब. शिवाय पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण चुकलं, कार्ब्युरेटरचा जेट हवेशी जुळला नाही, की पिस्टन जाम. इथे जानेवारीत पहाटे बारा अंश आणि मेमध्ये दुपारी पंचेचाळीस. एकच जेट वर्षभर कसा चालणार? मी ते जेट काड्यापेटीत, महिन्यांप्रमाणे लावून ठेवायचो.

अमेरिकेत बॅन्शीचं शेवटचं मॉडेल 2006 चं, आणि रॅप्टर 700 चं पहिलं मॉडेलही 2006 चंच. त्याआधी 2001 पासून रॅप्टर 660 होती. एक सिलिंडर, पाच व्हॉल्व्ह, दोन कार्ब्युरेटर. चांगली गाडी. पण कार्ब्युरेटर आला की वाळू आणि उन्हाळा या दोघांशी रोजचं भांडण आलं. 700 मध्ये कार्ब गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. पाचाचे चार व्हॉल्व्ह झाले. सिलिंडर एकच राहिला, तोही 686 सीसीचा.

त्या इंजिनाचा पिस्टन पहिल्यांदा हातात घेतला तो क्षण लक्षात आहे. 102 मिलिमीटर. माझा पंजा मोठा आहे, तरी बोटं कडेपर्यंत जेमतेम पोचली. आमचे मल्याळी चाचा शेजारी चहा घेऊन उभे होते. त्यांनी तो घेतला, बाकावर उपडा ठेवला आणि त्याच्याशेजारी बॅन्शीचा पिस्टन ठेवला. एक वाटी आणि एक पेला. चाचा म्हणाले, “ये धीरे बोलेगा, मगर जोर से मारेगा.” गाडी त्यांनी चालवली नव्हती, इंजिन अजून जोडलंही नव्हतं. तीस वर्षांच्या हातांना ते दिसलं.

वाळूत नेमकं हेच लागतं. वाळू ही रस्त्यासारखी स्थिर नसते. पहाटे दवाने ती जरा बसलेली असते, तेव्हा कोणतीही गाडी चढते. दहानंतर ऊन लागलं की तीच वाळू पिठासारखी सुटते आणि चाक तिच्यात बुडायला लागतं. चढावर गाडीचा वेग जरा जरी मोडला, तरी पुढचं चाक वाळू लोटायला लागतं आणि पाच-सात हातांत गाडी उभी. म्हणून चढताना गिअर बदलायचा नाही, हा इथला पहिला धडा. क्लच दाबून सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वाळू चाक धरते.

450 सीसीच्या शर्यतीच्या गाड्या मी भरपूर हाताळल्या आहेत. यामाहाचीच वायएफझेड 450 आर घ्या. पाच टायटॅनियम व्हॉल्व्ह, हलकी, वळणावर सुरीसारखी. सपाट ट्रॅकवर, टप्प्याटप्प्याच्या उंचवट्यांवर ती रॅप्टरला मागे टाकते, यात वाद नाही. होंडाची टीआरएक्स 450 आर, सुझुकीची एलटी-आर 450, कावासाकीची केएफएक्स 450 आर, साऱ्या त्याच रक्ताच्या. पण ह्या गाड्यांना फेऱ्या उंच हव्या असतात. चढाच्या मध्यावर मऊ वाळूचा खिसा लागला, फेऱ्या पडल्या, की एक गिअर खाली यावंच लागतं. रॅप्टरवर माणूस पायथ्यालाच तिसरा टाकतो आणि माथ्यापर्यंत तिसऱ्यातच राहतो. खिसा लागला तर अंगठा थोडा जास्त दाबायचा. खालून, अगदी कमी फेऱ्यांवरून, तो एकटा मोठा पिस्टन गाडी उचलतो. चूक झाली तरी सावरायला जागा मिळते. माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण हेच, आणि ते कोणत्याही माहितीपत्रकातल्या आकड्यात सापडत नाही.

ह्या स्वभावामागे एक गोष्ट आहे. ह्याच घराण्याचं 686 सीसीचं इंजिन यामाहाने पुढे ग्रिझली 700 मध्येही बसवलं. ग्रिझली म्हणजे शेतावर, जंगलात ओझी ओढणारी कामाची गाडी. जे इंजिन लाकडं ओढू शकतं, ते चढाला दचकत नाही.

दुसरं कारण रिव्हर्स. ऐकायला क्षुल्लक वाटेल. कावासाकी सोडली तर शर्यतीच्या 450 ना रिव्हर्स नसतो, वजन वाचवण्यासाठी तो काढलेला असतो. रॅप्टरला आहे. दोन डोंगरांमधल्या खोलगटात गाडीचं नाक समोरच्या भिंतीत घुसलं की काय करायचं? उतरा, मागचं टोक धरा, उचला, वळवा. आमच्याकडचा एक पठाण मार्गदर्शक एकट्याने हे करायचा, पण त्याची पाठ चाळिशीतच गेली. रॅप्टर तेल-पेट्रोलसकट 190 किलोच्या आसपास आहे. रिव्हर्स टाकून ती दोन हात मागे घेता येते, ह्याची किंमत सकाळी अकरा वाजता, पाणी संपलेलं असताना कळते.

आता त्या हजार सीसीच्या गाडीबद्दल. ती वाईट गाडी आहे असं मी म्हणणार नाही. हत्ताच्या वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, मोठमोठ्या दगडांतून, तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती चालते बेल्टवर. गिअर नाहीत, दोन पुल्यांमध्ये रबराचा जाड पट्टा. मऊ वाळूत नवखा माणूस रेस दाबून धरतो, गाडी हलत नाही, पुली फिरत राहते आणि पट्टा घासून तापतो. एका मार्चमध्ये अशी एक गाडी सहा किलोमीटर आत बंद पडली. मी पिकअप घेऊन गेलो, तर लांबूनच जळक्या रबराचा वास. झाकणाचे स्क्रू सोडले आणि आत पट्ट्याचा एकही सरळ तुकडा नव्हता. दोऱ्यांचा काळा गुंता क्लचला इतका घट्ट बसलेला की तो चिमट्याने एकेक दोरा करून काढावा लागला. झाकणाला हात लावता येत नव्हता, त्यात ते ऊन. नवा पट्टा बसवायला दीड तास गेला.

चेन तशी अचानक दगा देत नाही. वाळूने ती झिजते, भराभर झिजते. पण आधी सैल होते, मग आवाज करते, मग स्प्रॉकेटच्या दातांना आकडीसारखा बाक येतो. ज्याला ऐकू येतं त्याला ती आठवडाभर आधी सांगते. आणि तुटली तरी जोडकडी खिशात मावते.

होंडाने 2008 ला रॅप्टरच्या तोडीची म्हणून टीआरएक्स 700 एक्सएक्स आणली होती. तिचंही इंजिन 686 सीसीचं, आणि मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारी. खडबडीत वाटेवर बसायला ती जास्त मऊ. पण वाळूचे चालक मागचं टोक मुद्दाम घसरवून वळतात. रॅप्टरला मागे एकसंध एक्सल आहे, दोन्ही चाकं एकाच वेळी सुटतात आणि एकाच वेळी पकडतात, त्यामुळे घसरण कुठे थांबेल याचा अंदाज ढुंगणाखालून येतो. इथल्या पोरांनी होंडा चालवून पाहिली, मान डोलावली आणि परत केली. दोन वर्षांत ती बाजारातूनही गेली. पुढे मंदीनंतर बहुतेक 450 च्या गाड्याही एकेक करून बंद होत गेल्या.

रॅप्टर टिकली. 2015 ला इंजिनात थोडे बदल झाले, पण मूळ ठेवण तीच. माझ्यासारख्यासाठी ह्याचा अर्थ असा की दहा-बारा वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या गाडीची कितीतरी अंगं आजही कपाटात कामाची आहेत. रात्री नऊला गाडी लंगडत आली तर पहाटे पाचला उभी करता येते. चालक हे जाणतो. तो इंजिनाची निवड करतो तेव्हा नकळत ते दुरुस्त करणाऱ्या हातांचीही करत असतो.

ह्या हातांचं रोजचं काम म्हणजे मुख्यतः एअर फिल्टर. रॅप्टरचा फिल्टर फोमचा. दिवसाच्या शेवटी तो काढला की वरचा थर तांबडा, मैद्यासारखा. आधी तो झटकायचा नाही, नाहीतर धूळ आतल्या बाजूला जाते. फिल्टरच्या औषधात बुडवायचा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, आणि दाबायचा. पिळायचा कधीच नाही, पिळला की शिवण उकलते. सावलीत वाळवायचा. मग तेल. कणकेत तेल मुरवतो तसं बोटांनी, सगळीकडे सारखं, एकही कोरडा डाग राहता कामा नये. शेवटी कडेला ग्रीस. बसवण्याआधी मी इंजिनाच्या तोंडाशी, फिल्टरच्या आतल्या बाजूला करंगळी फिरवतो आणि ती अंगठ्यावर घासतो. एक कण जरी लागला, तरी ती गाडी सकाळी बाहेर जात नाही. तो एक कण 102 मिलिमीटरच्या सिलिंडरवर ओरखडा काढतो, मग तेल जळायला लागतं, आणि दोन महिन्यांत इंजिन माझ्या बाकावर येतं. अरबाबशी, म्हणजे शेडच्या मालकाशी, ह्यावरून माझे वाद झाले आहेत. गिऱ्हाईक दारात उभं असताना किल्ली अडवून धरणारा माणूस कुणाला आवडतो? पण मी अडवतो.

जानेवारी 2020 मध्ये डकार रॅली पहिल्यांदा सौदी अरेबियात आली. आम्ही शेडमध्ये एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसून रोजचा टप्पा पाहायचो. क्वाडमध्ये चिलीचा इग्नासियो कासाले जिंकला, रॅप्टर 700 वर. त्याचा तो तिसरा विजय. त्याआधी 2010 ते 2013 अशी सलग चार वर्षं अर्जेंटिनाच्या मार्कोस आणि अलेहांद्रो पात्रोनेली ह्या भावांनी रॅप्टरवरच डकार घेतली होती. 2024 ला अर्जेंटिनाच्याच मानुएल आंदूहारने. शर्यतीच्या गाडीला टाक्या मोठ्या, शॉकअप महागडे, पण आतलं इंजिन आमच्या ओळखीचं. रोज शेकडो किलोमीटर वाळू-दगडांतून जाऊन रात्री तंबूत उघडायचं आणि सकाळी पुन्हा पळवायचं, हे काम कुठलं इंजिन करू शकतं ते जगाने पंधरा वर्षं पाहिलं. 2025 पासून डकारने क्वाडचा गट बंद केला. चालक उरले थोडे, हे मान्य. तरी मला वाईट वाटलं. त्या जानेवारीत शेडमधला मोबाइल कुणी काढलाच नाही.

आता ते हाड.

पुण्याहून पाच-सहा जणांचा एक गट आला होता. त्यातला एक मुलगा माझं बोलणं ऐकून जवळ आला. “दादा, तुम्ही आपल्याकडचे? मग आम्हाला मोठी द्या ना. रॅप्टर.” वाळूत कधी चालवली आहेस का, विचारलं. म्हणाला, मोटरसायकल रोज चालवतो. परमुलुखात कुणी मराठीत दादा म्हटलं की मन सैल होतं. माझं झालं. किल्ली दिली.

रॅप्टरची रेस मोटरसायकलसारखी मूठ फिरवून देत नाहीत. उजव्या मुठीजवळ एक लहान दांडी असते, ती अंगठ्याने दाबायची. तो एका छोट्या चढावर मध्येच थांबला. पुन्हा निघताना गाडी पुढून हलकी झाली, तो मागे झुकला, घाबरून हँडल घट्ट धरलं. घट्ट धरलं की अंगठा आणखी दाबला जातो. खालून उचलणारी तीच ताकद, जिच्यासाठी जाणता माणूस ही गाडी मागतो, तिने त्याला एका क्षणात मागे उलटवलं. गाडी अंगावरून गेली नाही हे नशीब. गळपट्टीचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याचं डोकं माझ्या हातावर धरून होतो, आणि तो मलाच म्हणत होता, “सॉरी दादा.”

चूक त्याची नव्हती. किल्ली मी दिली होती.

त्या अंगठ्याच्या दांडीच्या घरावर एक बारीक स्क्रू असतो, त्याला लॉकनट. तो आत फिरवला की दांडी पूर्ण दाबली जात नाही, रेस अर्धीच उघडते. कंपनीने तो नवख्यांसाठीच दिलेला आहे. तोपर्यंत मी तो कधी हाताळलाच नव्हता, कारण जाणती माणसं येताच तो बाहेर काढायला सांगत. आता शेडमधल्या प्रत्येक रॅप्टरचा स्क्रू रात्री मी आत घेऊन ठेवतो. ज्याला मी चालवताना पाहिलंय, त्याच्यासाठीच सकाळी बाहेर काढतो. अरबाबने सुरुवातीला आरडाओरडा केला. आता तोच गिऱ्हाइकांना सांगतो की मेकॅनिकला विचारा.

तुम्ही कधी इकडे आलात, किंवा नागावच्या, काशिदच्या किनाऱ्यावर अशा गाडीवर बसलात, तर एवढं करा. आधी उभ्यानेच दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चेन हलवून पाहा, हेल्मेट मागून घ्या. जी गाडी एकट्यासाठी बनलेली आहे तिच्यावर मागे कुणाला बसवू नका, मुलाला तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी लहान गाडी घ्या आणि अंगठ्याला सवय होऊ द्या. रॅप्टर दुसऱ्या खेपेला मागा, आणि मागाल तेव्हा तो स्क्रू किती आत आहे ते बसण्याआधी बघून घ्या.